कल्पिताचा बॅनर

गावात बॅनर लागायला मोठं कारण लागत नाही. विकीचा वाढदिवस असला की लागतो, विकीच्या मित्राचा असला तरी लागतो. कुणी नवी बुलेट घेतली, कुणाचा बैल शर्यतीत पहिला आला, कुणाला कसल्याशा कमिटीवर घेतलं, लाव बॅनर. आंबिवली स्टेशनावरून आत वळलं की नाक्यावर दोन लोखंडी खांब आहेत. कल्पिताला कळायला लागल्यापासून ते खांब कधी रिकामे असलेले तिने पाहिले नव्हते.

कल्पिता म्हणजे नाथाशेठची मोठी मुलगी, विकीची बहीण. नाथाशेठची भातशेती टॉवरखाली गेली आणि त्या टॉवरना पाणी पुरवणारे टँकर नाथाशेठचे झाले. घर दुमजली, दाराशी दोन गाड्या, हळदीला डीजे, अंगावर सोनं. कशाची कमी म्हणून नव्हती. कल्पिता ठाण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जात होती आणि नाथाशेठने तिला कधी अडवलं नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. मुलगी सकाळी जाते, संध्याकाळी येते, हाताला रंग लागलेला असतो, एवढी त्याला माहिती होती.

अडलं ते या वर्षी. पहिल्या सत्रात ती एका विषयात लटकली आणि नेमकं त्याच वेळी अण्णाने तिच्यासाठी दिवा गावचं स्थळ आणलं. अण्णा शेजारच्या गावचा, सोयरिकी जुळवण्यात हात धरणारा कुणी नाही असा. पाहुणे रविवारी येणार होते. नाथाशेठने जेवता जेवता निकाल सांगून टाकला, "एकदा लटकलीस. आता परत लटकलीस तं कालेज बस झाला. रविवारी पावन्यांसमोर काय ता ठरवू." शेवटचं एकच वर्ष उरलं होतं आणि ते असं भाकरीच्या तुकड्याबरोबर ताटाच्या कडेला सरकवलेलं तिने पाहिलं. तिला रडू आलं, पण ती जेवत राहिली. त्या घरात जेवण टाकून उठलेलं आजीला खपत नसे.

ज्या विषयात ती लटकली तो विषयच तसा होता. स्वतःची ओळख चिन्हांमधून मांडायची. चेहरा काढायचा नाही, नाव लिहायचं नाही. क्षिप्रा मॅडमनी वर्गात एवढंच सांगितलं आणि मुलं कामाला लागली. सान्वीने मोरपीस काढलं, सलिलने बुद्धिबळाचा घोडा. कल्पिताने उघडा पिंजरा आणि उडणारा पक्षी काढला, रंगही चांगले दिले. मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे कुणाचंही असू शकतं. यात तू कुठे आहेस?" ते चित्र नापास झालं आणि फेरपरीक्षेला त्याच विषयावर नवं द्यायचं ठरलं.

याचं उत्तर कल्पिताकडे नव्हतं असं नाही. उत्तर द्यायची लाज वाटत होती. पहिल्या वर्षी तिने डबा उघडला, सुकटीचा वास सुटला आणि बाकावरची दोन मुलं उठून गेली. कुणीतरी तिला गोल्डन गर्ल म्हणालं, कुणीतरी हळदीच्या डीजेवरून चिडवलं. तेव्हापासून तिने गाव कॉलेजच्या गेटबाहेर ठेवायचं ठरवून टाकलं होतं. आता मॅडम म्हणत होत्या, तेच आत आण. चिन्हं आणायची ती कुठून? एकाच विषयात दोनदा नापास होण्यापेक्षा मात्र चिडवून घेणं परवडलं असतं.

सुचलं ते नाक्यावर. रिक्षातून उतरली तर समोर बॅनरवर विकी. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर मुकुट, मागे आयाळ फुलवलेला सिंह. विकी कुत्रं भुंकलं तरी आईच्या मागे लपतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी सिंहाला कुणी आक्षेप घेतलेला नव्हता. खाली गोलागोलांत शुभेच्छुकांचे चेहरे, निम्मे जण कानाला मोबाइल लावून. कल्पिता हसली आणि हसता हसता थबकली. आपल्या गावात माणूस कोण आहे हे सांगायची रीत हीच तर आहे. मग आपला बॅनर का नाही?

ती कामाला लागली. सगळी चित्रं पेन्सिलीने काढली, म्हणून बॅनर राखाडी झाला. सिंहाच्या जागी तिने बगळा काढला. घरामागच्या शेतात भराव टाकला, तरी एक बगळा अजून रोज यायचा आणि डेब्रिजच्या ढिगावर उभा राहून खाली बघत बसायचा. शुभेच्छुकांच्या गोलांत एकेक गोष्ट. एकात आजीच्या, ठमाबाईच्या, हातावरचं गोंदण. लहानपणी ती त्यावरून बॉलपेन फिरवायची. एकात टँकरचा पितळी नळ. एकात झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा. अशा सगळ्या तिच्या गोष्टी. आणि मधोमध, जिथे विकीचा गॉगल असतो तिथे, मोठा लंबगोल. तो तिने रिकामा ठेवला.

रिकामा ठेवण्यामागे कारण होतं. घरातल्या कुठल्याच फोटोत ती नव्हती. हळद असो, बारसं असो, नवा टँकर असो, "कल्पिता, काढ गो फोटो" म्हणून मोबाइल तिच्या हातात यायचा. ती सगळ्यांना जवळ सरकवायची, आजीचा पदर नीट करायला सांगायची आणि खटकन फोटो काढायची. चांगले काढायची, म्हणून पुढच्या वेळी परत तिच्याच हातात मोबाइल. तेव्हा मॅडमचा चेहरा नको हा नियम तिला आयताच पथ्यावर पडला.

गावचे सगळे बॅनर मारुती छापतो. स्टेशनाजवळ त्याचं दुकान आहे आणि त्याचा सगळा व्यवहार विकीशी. म्हणून कल्पिताने चित्र स्कॅन करून त्याची फाइल विकीला पाठवली आणि सांगितलं, "मारुतीकडं टाक. उद्या मी दुकानातून घेईन. परवा कालेजात द्यायचा हाय." विकी क्रिकेटच्या मैदानावर होता. त्याने फाइल पुढे ढकलली, वर लिहिलं 'कल्पिताचा बॅनर, अर्जंट,' आणि बॅटिंगला गेला. दुकानातून घेण्याचं लिहायचं राहिलं.

मारुतीने फाइल उघडली आणि हातातला चहा बाजूला ठेवला. राखाडी रंग, एकटा बगळा, रिकामा लंबगोल, खाली कुणाचं नाव नाही, मजकूर नाही. आणि वर अर्जंट. त्याने आयुष्यात हजारो बॅनर छापले होते. मुलीच्या नावाचा बॅनर त्याच्याकडे कधी आला असेल, तर तो एकाच कारणाने. मारुती वाईट माणूस नव्हता, खरं तर जरा जास्तच चांगला होता. अशा वेळी घरच्यांना काय विचारायचं, असं त्याला वाटलं. त्याने विकीकडे फक्त फोटो मागितला. विकीने शोधून शोधून कल्पिताचा दहावीच्या फॉर्मवरचा फोटो पाठवला, तेल लावून घातलेल्या दोन वेण्यांचा. मारुतीने तो लंबगोलात बसवला, खाली 'कु. कल्पिता नाथाशेठ' एवढंच टाकलं, बाकीचा मजकूर घरचे सांगतील तेव्हा चिकटवू म्हणून जागा सोडली आणि उजाडता उजाडता स्वतः शिडी घेऊन बॅनर बांधून आला. नाथाशेठच्या घरचा बॅनर दुकानातून कुणी न्यायचा नसतो, तो खांबावर पोचवायचा असतो. बांधून झाल्यावर त्याने हात जोडले.

कल्पिताला जाग आली ती रडण्याने. काम संपवून ती फोन बंद करून झोपली होती. खालून आवाज येत होता तो माजिवड्याच्या आत्याचा. "गो माजे बाय गो! कती गुनाची पोर व्हतीस गो! कुनाला कदी उलटून बोलली नाय गो! चित्रा कती सुंदर काडायची गो!"

कोण गेलं, म्हणून कल्पिता धडपडत उठली आणि जिन्यात आली. तिथे तिला कळलं की गेलेली आपणच आहोत. खरं तर लगेच खाली पळायला हवं होतं. पण आत्याने तिच्या चित्रांचं नाव आजवर कधी काढलं नव्हतं. काढलं असेल तर 'भिंती रंगवायचा कोर्स हाय का?' एवढंच. कल्पिता पायरीवर उभी राहिली आणि तिने अजून थोडं ऐकलं. आत्याने तिचा रंग गोरा केला, उंची वाढवली, अभ्यासात पहिला नंबर आणला. मग मात्र कल्पिताला स्वतःचीच शरम वाटली आणि ती खाली उतरली.

ओटीवर आत्या बसकण मारून बसलेली, भोवती गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून. आई पिठाच्या हातांनी तशीच उभी. ती सगळ्यांना सांगत होती, "अगं पन ती वर झोपलंय! झोपलंय ती!" आणि बायका एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या, बिचारीला धक्का बसलाय म्हणून. कल्पिता दारात आली. आत्याने वर बघितलं, तोंडातला हुंदका तोंडातच राहिला, आणि पुढच्या क्षणी तिने उठून कल्पिताच्या पाठीत धपाटा घातला.

"मेले! जित्ती हायेस तं सांगायचा नाय? माजिवड्यावरना रिक्षा करून आलू मी!"

त्यानंतर तिने कल्पिताला छातीशी धरलं आणि आता खरी रडली.

कुणी काय पाहिलं, कुणी कुणाला फोन केला, याचा गोंधळ चालू असतानाच बाहेर गाडी करकचून थांबली. नाथाशेठ टँकर भरायच्या जागेवर होता, तिथे त्याला कुणीतरी फोन केला होता. वाटेत त्याने नाक्यावर बॅनर डोळ्यांनी पाहिला होता. तो दारात आला. कल्पिताला उभी बघून त्याने चौकट धरली आणि हळूहळू खाली बसला, पायातल्या चपला पायातच. एरवी ओटीवर कुणी चपला घालून आलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. कल्पिताने त्याला पाणी दिलं. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"फोटो बगला नाक्यावर," तो म्हणाला. "गाडी कशी आनली मना ठावं नाय."

बापाला असं बसलेलं कल्पिताने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची दया आली, माया आली. आणि त्याच्या पाठोपाठ एक राग आला, जो इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे.

"बाबा, पन मी मेली असाच का वाटला तुला? वाढदिवस असंल, पास झाली असेन, काय पन असंल."

नाथाशेठने तिच्याकडे बघितलं. तो विचार न करता बोलला, म्हणूनच खरं बोलला.

"पोरीचा बॅनर दुसरा कशाला लागंल?"

आत्याने नाक ओढलं. आईने पिठाचे हात पदराला पुसले, जे ती कधी करत नसे. आपण काय बोललो हे नाथाशेठच्या ध्यानात आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तो उठला आणि मारुतीच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहू लागला. तेवढ्यात आतून आजी आली. ठमाबाईला बॅनरबिनर कळत नव्हतं, पण जित्या माणसाचा असा फोटो टांगणं म्हणजे अपशकुन, हे तिला पक्कं कळत होतं. "पयला ता फारून टाक," ती मुलाला म्हणाली. "न मीठ-मिरच्या आन, हिची नजर कारतंव."

"विकी!" नाथाशेठ ओरडला. "शिडी घे न सुरी घे! तुकडा ठेवू नको त्याचा!"

"फाडायचा नाय," कल्पिता म्हणाली.

कुणाला कदी उलटून बोलली नाय, असं आत्या नुकतंच म्हणाली होती. कल्पिताने आत्याकडे बघायचं टाळलं. "माझ्या परीक्षेचा हाय तो. उद्या नेयाचा हाय. फाडलात तं मी नापास, न मग तुमचा काय ता ठरल्यासारखाच हाय." आणि ती केसही न विंचरता, कालच्याच कपड्यांत, नाक्याकडे चालू लागली.

नाक्यावर पोचल्यावर पहिल्यांदा तिला मारुतीचा उपद्व्याप दिसला. चेहरा नको, तर चेहरा होता. नाव नको, तर नावही होतं. दोन्ही नियम एकाच वेळी मोडले होते. क्षिप्रा मॅडमना काय सांगायचं, हे तिला सुचेना; फार तर दोन्हींवर कागद चिकटवून नेता आलं असतं. पण बॅनर होता मात्र झकास. पेन्सिलीचा बगळा खांबांमध्ये केवढा मोठा दिसत होता! ती त्याच्याखाली उभी राहिली. एकतर विकी सुरी घेऊन येणार होता, आणि दुसरं म्हणजे ती जिवंत आहे हे एकेकाला सांगत फिरण्यापेक्षा इथे उभं राहणं सोपं होतं.

लोक आले. दूधवाला थांबला. भाजीवाली थांबली. "अगो, तू जित्ती?" "हो." "मग ह्या काय?" "माजा कालेजचा काम हाय." पहिल्या चार जणांना सांगताना तिचे कान तापले. मग सवय झाली. बायका जवळ येऊन गोल बघायला लागल्या. एक म्हणाली, "ह्यो तं ठमाबायचा हात!" दुसरीने डब्याकडे बोट केलं. "ह्याच्यान काय हाय?" "सुकट," कल्पिता म्हणाली. "न झाकन का लावलाय?" कल्पिताने सांगितलं. कॉलेजात जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते तिने नाक्यावर भाजीवालीला सांगितलं. भाजीवाली कॉलेजातल्या त्या दोन मुलांबद्दल जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण कल्पिताला फार बरं वाटलं.

शिडी आणि सुरी घेऊन विकी आला, मागोमाग नाथाशेठ. विकीने बहिणीकडे बघितलं नाही. बारकं तोंड करून शिडी खांबाला लावली आणि वर चढून बसला. नाथाशेठ बॅनरसमोर उभा राहिला. गाडीतून जाताना त्याने फक्त फोटो पाहिला होता. आता तो एकेक गोल बघू लागला.

"ह्यो आपला नल," तो म्हणाला. "जुन्या टँकरचा. ह्याला मीच कापर बांधलेला, गलत व्हता म्हनून." पेन्सिलीने काढलेल्या नळाला चिंधीसुद्धा होती. तो अजून जवळ गेला. "ह्यो बगला मागच्या शेतातला?"

"हो."

"अजून येतं तो?"

"रोज येतो. तू बगत नाय."

नाथाशेठने मान वर करून बगळा पुन्हा पाहिला. मग मधल्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "ह्यो येवरा जुना फोटो कशाला लावला?"

"मी नाय लावला, मारुतीने लावला. मी जागा रिकामी ठेवलेली."

"रिकामी? ती कशाला?"

"घरातल्या एका तरी फोटोत मी हाय का, सांग. काढनारी मीच."

"कायतरीच बोलतं," नाथाशेठ म्हणाला आणि त्याने खिशातून मोबाइल काढला. नाक्यावर, सगळ्यांच्या देखत, तो अंगठ्याने फोटो सरकवू लागला. टँकर. विकी. बैल. विकी आणि बैल. आजीची पंचाहत्तरी, सगळं घर, मागे आत्याची सून. तो सरकवत राहिला. नव्या गाडीची पूजा. गोंधळ. परत विकी. एका फोटोत गाडीच्या काचेत मोबाइल धरलेली कुणीतरी पुसटशी दिसत होती. तिथे त्याचा अंगठा थांबला. बोटांनी ताणून त्याने ते मोठं करून पाहिलं, तेव्हा ते नुसतंच धूसर झालं. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेऊन तो रस्त्याकडे बघत राहिला. कल्पिताला वाटलं की आता हा चिडणार.

तेवढ्यात अण्णा स्कूटरवरून आला. घाईघाईत उतरताना त्याला स्कूटर स्टँडला लावायचंही भान नव्हतं. "नाथा! काय ऐकतंय मी? दिव्याच्या पावन्यांचा फोन आला मना, ती लोका घाबरलीत." मग त्याला बॅनरखाली उभी कल्पिता दिसली. त्याने तिच्याकडे बघितलं, वर फोटोकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. "म्हंजे सगला बरा हाय?"

"बरा हाय," नाथाशेठ म्हणाला.

"देव पावला. मग त्यांना सांगतंव, रविवारी या म्हनून."

नाथाशेठने बॅनरकडे पाहिलं. शिडीवर विकीने सुरी पहिल्या दोरीला लावली होती आणि तो बापाच्या हुकमाची वाट बघत होता.

"रविवारी नको," नाथाशेठ म्हणाला. "पोरीचा एक वरीस बाकी हाय कालेजचा. ता होऊ दे."

"अरे पन ती तं लटकलीय ना?"

"लटकली असंल. परत देल."

अण्णाने डोकं खाजवलं. एवढं जमत आलेलं स्थळ हातचं जातंय, याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि ते साहजिकच होतं. त्याने परत एकदा बॅनरकडे पाहिलं. "बरा. पन ह्यो बॅनर कशाबद्दल लावलाय, ता तरी सांग. इचारतीन ती लोका."

नाथाशेठने बॅनरवर काहीतरी वाचायला मिळतंय का ते शोधलं. मारुतीने मजकुराची जागा मोकळीच ठेवली होती.

"कशाबद्दल नाय," तो म्हणाला. "पोर हाय माजी. लावला." आणि वर बघून त्याने विकीला हाक मारली. "उतर खाली. बॅनर उद्या सकाली कारून घे, दोऱ्या सोरून, नीट गुंडालून. तिला ठान्याला मी सोरतंव."